हातमोजा

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
डुलुथच्या जुन्या अग्निशामक ठाण्याच्या तळघरात
डॅरेल हाउकूस दिवे घालवतो
आणि भिंतीवर निळ्या जाकिटातला एक माणूस
पाठमोरा उभा राहतो.

माणूस वळतो. हात खिशाबाहेर येतो.
एवढंच.
समोर वर्गातलं कुणीतरी, मुठीत लेझरचं पिस्तूल.
पापणी लवायच्या आत ठरवायचं :
हत्यार, की मोबाइल, की नुसताच हात.

आज लोरेटा प्रीबिल. वय एकाहत्तर.
नवऱ्यामागे उरलेलं रिव्हॉल्व्हर ती
उलथनी आणि बाटल्यांच्या बुचांच्या खणात ठेवते.
मागच्या महिन्यात रात्री कुणीतरी दार हलवलं
म्हणून वर्गात आली.
(शेजारचा मुलगा होता तो,
बर्फाचं फावडं परत द्यायला आलेला.)

माणूस वळतो. लोरेटा चाप ओढते.
पडद्यावर आकडा : सेकंदाचे अडतीस शतांश.
माणूस कोसळतो, आणि त्याच्या हातातून
चष्म्याचं घर घरंगळत जातं.

"उठवा त्याला," ती म्हणते.
डॅरेल बटण दाबतो.
घर हातात, हात खिशात,
माणूस पुन्हा पाठमोरा.
"इथे उठतो," डॅरेल म्हणतो.

मी हे ज्या भाषेत लिहितोय
तिच्यात क्रियापद शेवटी येतं.
त्याने, अंधारात, खिशातून, उजव्या हाताने, काहीतरी काळं...
इथवर आलं तरी काहीच घडलेलं नसतं,
वाक्य अजून कुठेही वळू शकतं.
डॅरेलच्या भाषेत क्रियापद
कर्त्याला खेटूनच उभं असतं,
बाकीचा तपशील मागाहून येतो,
बऱ्याचदा चौकशी समितीपुढे.
पण खरं सांगायचं तर
माझ्याही भाषेत माणसं मरतातच.
व्याकरणाने कुणी वाचत नाही.

बारा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर,
पेट्रोल पंपामागची गल्ली.
डॅरेल आणि मेरिल ट्वेट, मध्ये चार पावलांचं अंतर.
तोच माणूस, तोच हात, तोच पिवळा दिवा.
मेरिलने गोळी झाडली. डॅरेलने नाही.
हातात थर्मासचं झाकण होतं.
आर्विड सावोला, लाकडाच्या गिरणीतला, रात्रपाळीचा.
कॉफी अजून कढत होती.

मेरिलला अकरा महिने विचारत राहिले :
काय दिसलं, उजेड किती, फूट किती,
तुमचा श्वास कसा चालला होता.
डॅरेलला कुणी काही विचारलं नाही.
न झाडलेल्या गोळीचा पंचनामा होत नाही.
चर्चमध्ये लोकांनी त्याचा हात हातात घेतला,
संयमी म्हणाले,
आणि हा वर्ग त्याच्याकडे सोपवला.

पार्किंगमध्ये लोरेटा काचेवरचा बर्फ खरवडते.
डॅरेल पलीकडची बाजू घेतो.
आणि का कोण जाणे, तिला सांगतो
बायकोलाही सांगितलेलं नाही ते :
लोकरीचा हातमोजा होता. तर्जनीपाशी उसवलेला.
धागा होल्स्टरच्या बटणात अडकला.
मी ओढत होतो. जीव खाऊन ओढत होतो.
सुटला तोवर आवाज होऊन गेला होता.

लोरेटा खरवडायची थांबत नाही.
"मग पुढच्या गुरुवारी," ती म्हणते,
"सगळ्यांना हातमोजे घालायला लावा."

तो हसला की नाही
ते त्या उजेडात कळत नाही.

घरी आल्यावर ती खण उघडते.
रिव्हॉल्व्हर ओव्हनच्या जाड हातमोज्यात
अंगठ्यापर्यंत कोंबते,
वर दोन उलथनी ठेवते, खण लावते.

मध्यरात्री सरोवरावरून आलेला वारा दार हलवतो.
किंवा कुणीतरी.
लोरेटा, अंधारात, अनवाणी, गार फरशीवरून,
खणापर्यंत, उजव्या हाताने