ब्लीडिंग टाइम

निपाणी, बसस्टँडमागची लॅब.
बाळव्वाच्या कानाच्या पाळीला सुई टोचली,
घड्याळ लावलं.
दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद:
चिंचोक्याएवढा ठिपका, मसूर, मोहरी,
मग कोरा.
दोन मिनिटं. नॉर्मल.

तंबाखूनं पिवळी बोटं पदराला पुसत
ती म्हणाली, संकेश्वरात दाढ काढली तेव्हा
तीन दिवस चूळ लालच.
'निंदरलिल्ल री.' थांबलंच नाही.

फॉर्म दोन भाषांत छापलेला.
ह्याला रकाना एकीतही नाही.

आकडा लिहिला, सही केली.
मग कागद उलटा करून
पेन्सिलनं: दाढ. तीन दिवस. विचारा.

डॉक्टर कुलगोड मागची बाजू बघतात का,
मला ठाऊक नाही.
कानाच्या पाळीला तरी
पिशवीचं काय ठाऊक?

ऑपरेशन सोमवारी.