झाडूगाडी

गाडीच्या टपावर खराटा बांधलाय,
आमच्या गोठ्यातला, बायकोने दिलेला.
बावीस वर्षं मी शर्यतीच्या शेपटीला असतो.
जिंकणारे मला दिसतात ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात,
कॉफीचा कप उचलला की त्याखाली.

आज चौदावा टप्पा. चार घाट,
आणि शेवटचा तर असा की आमच्या आस्तुरियासच्या गाईसुद्धा
तिथे तिरप्या उभ्या राहून चरतात.
तिसऱ्या घाटाच्या पायथ्याशी योरिस थांबला.
हो, तोच. त्याच्या नावाच्या टोप्या घालून
पोरं सकाळपासून कठड्यावर बसली होती.
पोटात पाणी ठरत नाही म्हणाला, आणि उतरला.
ग्रासाबाईंनी त्याच्या पाठीवरचा नंबर सोडवला,
चार टाचण्या, मोजून डबीत टाकल्या.
तो मागच्या सीटवर बसला, गुडघ्यांवर टॉवेल पसरून.
मी त्याला पाण्याची बाटली दिली.
तोंडाला लावली नाही त्याने.

आता पुढे एकच जण उरलाय.
ब्राइस. योरिसचाच पाणक्या.
दिवसभर बघतोय मी याला,
टीमच्या गाडीपाशी मागे यायचं,
जर्सीत पुढूनमागून बाटल्या कोंबायच्या, सात, आठ,
तट्ट फुगून पुन्हा वर जायचं,
वाटायच्या, रिकामं व्हायचं,
की पुन्हा मागे.
पहिली बाटली योरिसला. नेहमीच.
आता वाटायला कुणी नाही
तरी खांदे तसेच, ओझ्याखालचे.

ताशी नऊ किलोमीटर.
मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच जळल्याचा वास.
धुकं. घंटा ऐकू येतात, गाई दिसत नाहीत.
रस्त्यावर पांढऱ्या रंगात
योरिस योरिस योरिस
आणि त्या अक्षरांवरून ब्राइसचं चाक
डावीकडे, उजवीकडे, चढ फोडत.
लोक खुर्च्या मिटून निघालेत.
एक म्हातारा तेवढा सिद्राची बाटली डोक्यावर धरून
खाली कमरेपाशी ग्लासात धार सोडतोय.
धार न मोडता त्याने मान हलवली, ब्राइसला की मला, कोण जाणे.

जिंकणारा पोचून अडतीस मिनिटं झाली.
मर्यादा सत्तेचाळीसची.
दीड किलोमीटर बाकी.
ग्रासाबाई तोंडातल्या तोंडात भागाकार करतात
आणि उत्तर सांगत नाहीत.

योरिस दोन सीटांच्या मधून पुढे झुकला.
काचेचं बटण दाबलं, बाटली धरलेला हात बाहेर,
ग्रासाबाईंनी नुसतं पाहिलं.
हात आत आला.
मग त्याने मला विचारलं,
"याला मुलंबाळं आहेत का?"

मी म्हटलं, मुलगी आहे, लुगोजवळ.
गेल्या आठवड्यात तिचा पुढचा दात पडला.
नाष्ट्याच्या रांगेत सांगत होता, स्वतःचा दात दाखवून.

बराच वेळ वायपरचाच आवाज.
"पाच वर्षं," योरिस म्हणाला,
"पाच वर्षं वाऱ्यात मी याची पाठच पाहिलीय."
आणि पुन्हा काचेतून
तीच पाठ बघत बसला.
मधूनच त्याचे गुडघे टॉवेलखाली
वर खाली व्हायचे. त्याला कळत नसावं.

शेवटच्या वळणावर कामगार लोखंडी कठडे उचलत होते.
एकाने हातातला खाली ठेवला
आणि हातमोज्यांनीच टाळ्या वाजवल्या, थप थप.

ग्रासाबाईंनी घड्याळ पाहिलं.
पुन्हा पाहिलं.
टाचण्यांच्या डबीचं झाकण लावून ती पर्समध्ये टाकली.

ब्राइस रेषेपलीकडे सायकलीवरच ओणवा झालेला,
एक पाय पेडलमधून सुटत नव्हता.
योरिस मोज्यांवरच उतरला, ओल्या डांबरावरून चालत गेला,
आणि बाटली पुढे केली.

ब्राइसने घेतली,
कुणाची, कशाला, काही न विचारता,
आणि सवयीने
जर्सीच्या मागच्या खिशात खोचली.