खरी नक्कल

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरांवर सही केली.
नमुना आठ, चतु:सीमा, खाली गोल शिक्का,
शिक्क्यात दोन शब्द : खरी नक्कल.

स्वतःचं घर विकायला काढलं
तेव्हा गुणवंत भोयरनं तोच कागद खिडकीच्या उजेडात धरला.
"साहेब, उत्तरेले मडावीचं घर लिवलं हाये.
उत्तरेले तं रस्ता हाये. मडावी दक्षिणेले."
सही माझीच होती.

"गिऱ्हाईक कर्ज काढाले बँकेत गेलं,
का तिथंच अडकते हे."
दीड महिना लागला. दोन अर्ज,
आणि माझ्याच जुन्या खुर्चीतल्या पोरासमोर
बाकावर बसणं.

भोयरचं दुकान म्हणजे आर्णी रोडवर
कृषी केंद्राच्या पायरीवरची एक खुर्ची.
दोन टक्के, म्हणाला.
माझ्याकडूनच, की दोन्हीकडून?
तो हसला. लेखी दे म्हटल्यावर चहा सांगितला.
चहा संपला तरी मी हललो नाही.
शेवटी बियाण्याच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं :
दोन टक्के, रजिस्ट्रीच्या दिवशी, आधी नाही,
ठरल्या भावापेक्षा वर आलं, तर वरचं मालकाचं.

हे शेवटचं वाक्य बायकोनं घालायला लावलं.
तिचा बाप बैलबाजारात दलाली करायचा.
उपरण्याखाली बोटं बोटांना काय सांगतात
ते तिला सातव्या वर्षी कळत होतं.
असल कागदही तिनं दिले नाहीत,
ज्वारीच्या कोठीत ठेवले. भोयरला झेरॉक्स.

घर दाखवायच्या दिवशी तो म्हणाला,
"तुमी अन् बाई पारावर जाऊन बसा.
मालक घरात असला का सौदा बिघडते,
मालक लय बोलते."
बसलो. समोरून आमचंच फाटक दिसत होतं,
फाटकाशी एक स्कूटी.
बायको बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, घरी पाहुणे आले
आणि चहा टाकला नाही, असं पहिल्यांदा झालं.

गिऱ्हाईक म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, प्रणिता उईके.
तिनं नळ सोडून पाहिला, कुलरसाठी फोडलेली खिडकी पाहिली,
बोअरचं बटण दाबलं.
डिसेंबर होता. पाणी आलं.

भोयरला मी सांगितलं होतं : बारमाही.
एप्रिलात तो खोकतो
आणि पंधरा मेला पार गप्प होतो,
एवढं तेवढं सांगितलं नव्हतं.

त्यानं सांगितलं. तिला, माझ्या माघारी.
कोणाला विचारून आला होता कोण जाणे,
मडावीलाच असेल.
चाळीस हजार उतरले.

मी भडकलो. तू माझा दलाल, का तिचा?
त्यानं सुपारी गालात सरकवली.
"साहेब, तुमी तं जासान पोराकडं अमरावतीले.
मले इथंच राहाचं हाये.
मे महिन्यात ते बाई रिकामी घागर घेऊन
कोनाच्या दारात येईन?"

मला उत्तर सुचलं नाही.
एकतीस वर्षं मला उत्तर सुचायचं,
"अर्ज द्या, बघू."

इसार चेकनं घेतला. रजिस्ट्री झाली.
बाबूनं चतु:सीमा मोठ्यानं वाचली,
उत्तरेस रस्ता, दक्षिणेस मडावी,
मी प्रत्येक दिशेला मान हलवली.
दोन टक्के मोजून दिले, माझ्या वाटचे.
तिच्याकडून त्यानं किती घेतले, विचारलं नाही.

"मीटर त्याच दिवशी तिच्या नावावर करा,"
भोयर तीनदा म्हणाला होता. मी विसरलो.
आता बिल ती भरते,
संदेश माझ्या फोनवर येतो, माझ्या नावानं,
जणू मी अजून तिथंच राहतो.

मेचं बिल कमी आलं.
पंप चालला नसेल.
कुलर तर लावावाच लागतो,
त्यात टाकायला पाणी
ती कुठून आणत असेल?