हे अंशतः खरे आहे

कंधारच्या स्टँडसमोर माझी टायपिंगची शाळा.
पोरं आता कॉम्प्युटरवर बसतात,
एक रेमिंग्टन तेवढी ठेवलीय खिडकीशी,
आमदारबाईंसाठी.
त्यांना कडकड लागते. म्हणतात,
प्रश्न विचारलेला गल्लीत ऐकू आला पाहिजे.

आशामती खिल्लारे रात्री साडेनवानंतर येतात.
चपला दारात, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी.
त्या बोलतात, मी सभागृहाच्या मराठीत उतरवतो.
"मशीन आणून टाकली अन् खोकंबी फोडलं नाही मेल्यांनी,"
म्हणजे,
उपजिल्हा रुग्णालयातील डायलिसिस यंत्र
अद्याप कार्यान्वित झालेले नाही, हे खरे आहे काय;

अर्धविराम. तिथं अर्धविरामच लागतो.
एकेक सवाल अर्ध्यावर उभा,
केसपेपर धरून रांगेत थांबल्यासारखा.

चौथ्या कलमात त्यांनी नाव सांगितलं,
खाजामियाँ शिकलगार.
आठवड्यातून दोनदा नांदेड, पहाटेची एसटी,
परतीला उलट्या होतात म्हणून
कंडक्टर खिडकीची जागा राखून ठेवतो.
मी म्हणालो, ताई,
खासगी माणसाचं नाव प्रश्नात बसत नाही.
"बसत नसलं तर उभं ऱ्हाऊ द्या."
मी 'एक रुग्ण' असं टाइप केलं.

हिवाळ्यात विचारलेलं. उत्तर पावसाळ्यात आलं.
(१) हे अंशतः खरे आहे.
(२) होय.
(३) कार्यवाही सुरू आहे.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

चौथं उत्तर बरोबर होतं.
धुळवडीच्या दुसऱ्या दिवसापासून
तो उद्भवायचा थांबला होता.

आमदार निवासातून फोन आला, रात्री बाराला.
"मास्तर, खोटं म्हनू का उद्या?"
खोटं म्हणता येत नाही तिथं, ताई.
वस्तुस्थितीला धरून नाही, असं म्हणा.
पलीकडं बराच वेळ पंखा वाजत होता.
"मग मेला म्हनता येतंय का?"
नियमांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे.
मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहिलं.
माझा कागद हातात, गुंडाळी करून.
"अध्यक्ष महाराज, मशीन खोक्यात बसून काय करूलाली?
नर्सबाया तिच्यावर रजिस्टर ठेवूलाल्या,
मागच्या महिन्यात मांजर व्याली तिथं, चार पिल्लं,
बाकी दवाखान्याचा निकाल चांगला हाय."
दोन्ही बाजूंची बाकं हसली.
मग त्या जे बोलल्या ते हसू थांबल्यावर.
घंटा. पुन्हा घंटा. माईक गेला,
ओठ हलत राहिले.

छापील कार्यवाहीत त्या जागी टिंबं आहेत.
मी शिसपेन्सिलनं मोजली, सोळा.
खाजामियाँ शिकलगार, नऊ अक्षरं, नीट बसतात.
उरलेली सात
मंत्रिमहोदयांसाठी असावीत.

शेजारच्या हॉटेलात म्हणतात,
बाई बोलती लई, आणलं काय?
मुखेडकडचा रस्ता तसाच आहे, नाकारत नाही.
पण स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीचं कुलूप
अकरा मिनिटांच्या भाषणानंतर निघालं.
किल्ली कंट्रोलरच्या टेबलावर असते, मागावी लागते.
भाषणात 'प्रसाधनगृह' मी लिहिलं होतं.
त्यांनी वाचलं नाही.

दिवाळीनंतर खोकं फुटलं.
नारळ, फोटो, फीत. त्यांना बोलावणं नव्हतं.
तरी मागं उभ्या होत्या, बाळंतिणींच्या नातेवाइकांत.
यंत्र लखलखीत. चालवणाऱ्याचं पद रिक्त.

काल पुन्हा आल्या. शेंगा नव्हत्या.
"घ्या. बारूळची पोरगी हाय. बारावीला."
मी कागद चढवला. हे खरे आहे काय, इथवर आलो.
नाव काय तिचं, विचारलं.
"बसत नाही म्हनला होतात."

समोर शेवटची गाडी मागं घेत होती,
कंडक्टर पत्रा थापटत होता.
मी काही न बोलता
स्पेसबार दाबत राहिलो,
एखाद्या नावाएवढा.