पेटी कुठं ठेवायची

सुरगाण्याहून खंडू भोये फोनवर म्हणाला,
शनिवारी आणतो पेटी, रात्रीच्या गाडीनं.
जागा ठरवून ठेवा.
एकदा ठेवली की चार हातही सरकवायची नाही.
माशी घर नाही ओळखत, जागा ओळखते.
सरकवलीत तर जुन्या जागी येऊन
हवेतच दार शोधत राहते.

म्हणून गुरुवारपासून मी परसात,
हातात निळा खडू.
मखमलाबादला येऊन एकवीस वर्षं झाली,
त्यातली बरीचशी नोटांच्या प्रेसमध्ये गेली,
कोऱ्या कागदावरचा केसाएवढा डाग पकडण्यात.
ऊन कधी तपासलं नव्हतं.

सातला फरशीवर एक रेघ.
नऊला पेरूच्या बुंध्याशी दुसरी.
अकराला चहा प्यायला आत गेलो
आणि ऊन मला न विचारता टाकीमागं गेलं.

तोंड पूर्वेला हवं, पंचवटीकडं.
कोवळं ऊन दारात पडलं की माशी लवकर उठते.
दुपारी सावली, नाहीतर एप्रिलात मेण मऊ पडतं.
पाठीला भिंत, पश्चिमेच्या वाऱ्यासाठी.
एवढं सगळं एका ठिकाणी
माणसाला तरी कुठं मिळतं?

दक्षिणेच्या कुंपणापलीकडं दौलत पिंगळ्यांची द्राक्षं.
छाटणी झाली की पहाटेच त्यांचा ब्लोअर घोंघावतो,
औषधाचा वास आमच्या चहापर्यंत.
जाऊन भेटलो.
ते म्हणाले, द्राक्षाला माशी लागत नाही हो.
मी म्हणालो, माशीला औषध मात्र लागतं.
हसले. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी
मिस कॉल देतो म्हणाले.
तो कोपरा तरी सोडलाच.

उत्तरेचा कोपरा मनात भरला होता,
पण तिथून उडाल्या की थेट वैद्यबाईंच्या दोरीवर.
माशी शी करते, पिवळी, हळदीच्या ठिपक्यासारखी,
आणि त्यांची मुलगी सिव्हिलमध्ये नर्स,
सगळे कपडे पांढरे.

जिन्याखाली मुंग्या.
गेटपाशी रात्रभर जळणारा कॉर्पोरेशनचा दिवा.

शुक्रवारी संध्याकाळी परसभर
निळ्या रेघांचा गुंता झाला होता.
सुलभा खिडकीतून म्हणाली,
काय शोधताय ते विचारा तरी.
मी विचारलं.
तिनं कणकेचे हातही पुसले नाहीत.

पहिलं ऊन कढीपत्त्याशी, सव्वासातला,
उन्हाळ्यात अर्धा तास आधी.
साडेअकराला शेवग्याची सावली येते.
वारा लागत नाही, कुरडई कधी उडाली नाही.
पावसात पाणी थांबत नाही.
वाळवण तिथंच घालते मी, एकवीस वर्षं.

मग थोडं थांबून,
आता गच्चीवर घालीन.

शनिवारी खंडू आला तेव्हा साडेदहा वाजले होते.
गोणपाटात गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन
अख्खा घाट उतरला होता.
स्टँडच्या चार पायांखाली चार वाट्या, पाण्याच्या.
पेटी पुढं बोटभर कलती, पाऊस आत राहू नये म्हणून.
मी फळीला कान लावला.
लांबवर कुठंतरी गिरणी चालू असावी, तसं.

सकाळी पहिली माशी बाहेर आली
आणि गेली नाही.
उलटी वळली, पेटीकडं तोंड करून
डावीकडं उजवीकडं झुलली,
जरा मागं, आणखी जरा मागं.
पाठ करतेय, खंडू हळूच म्हणाला.
कढीपत्ता. पाटा. निळी बादली. खिडकी.

तेवढ्यात सुलभा आली आणि तिनं बादली उचलली.
नको, आम्ही दोघं एकदमच ओरडलो.
तिनं ती होती तिथं ठेवली.
किती दिवस?
आठेक, खंडू म्हणाला.
आणि मी हललेली चालेन ना?
खंडूनं नीट विचार केला.
चालेल वहिनी.
हळूहळू.