प्लॉट नंबर सत्तावीस

विकत घेताना नकाशात रस्ता होता.
निळ्या शाईचा, बारा मीटर,
दोन्ही अंगांना गोल गोल झाडं काढलेली.
एजंट बोटानं त्या रस्त्यावरून चालत गेला
आणि आमच्या दारात थांबला.
बोटाला चिखल लागला नाही.

ले-आउटला आता सोळावं वर्ष.
मधून हद्द जाते. नेमकी कुठून, कोणाला ठाऊक नाही,
पण माझ्या घरातून जाते एवढं नक्की:
स्वयंपाकघर ग्रामपंचायतीत, न्हाणी नगर परिषदेत.
पलीकडच्या ओळीत खांबांवर दिवे आहेत,
आमच्या ओळीत नुसते खांब.
अर्ज दोन्हीकडे दिले.
इकडचे म्हणतात तिकडे जा,
तिकडचे म्हणतात, ले-आउट अजून हस्तांतरित नाही.
शिक्के मात्र दोन्हीकडचे गोल, जांभळे, ठसठशीत.

नाल्यावरचा पूल खोदून ठेवला
तेव्हापासून खाणीचे हायवा आमच्यातून जातात.
रात्री अकराला पहिला.
मांडणीवरचा पितळी गंज एक बोट पुढं सरकतो,
सकाळी मी तो एक बोट मागं ढकलते.
ह्यांचा पांढरा सदरा दोरीवरच राखाडी होतो.

कोपऱ्यावर तानबाजी नेहारे राहतात.
बत्तीस वर्षं मैलकुली,
लोकांच्या रस्त्यांवर गिट्टी, डांबर, पुन्हा गिट्टी.
"खाली काळी माती आहे, बाई," म्हणतात,
"तिले कापूस समजते, डांबर नाही समजत.
उन्हाळ्यात फाटते, पाण्यात फुगते.
रस्त्याचा काय दोष?"

मागच्या उन्हाळ्यात भोयरांच्या नातीची सायकल
हायवाच्या चाकाखाली गेली.
फक्त सायकल. पोर नालीत फेकली गेली, म्हणून वाचली.
त्या रात्री तानबाजी काही बोलले नाहीत.
घमेलं काढलं. मुरूम, फुटक्या विटा,
कोणाच्या तरी बांधकामावरची अर्धी सिमेंटची पिशवी.
मी बॅटरी धरली.
वितीनं उतार मोजत होते,
थांबून डोळा बारीक करत, पुन्हा मोजत.
"सरकारी ब्रेकर म्हंजे भिंत. मणके मोडते.
ब्रेकर असा पायजे, का डायवरले वाटलं पायजे
आपणच हळू झालो."

सोळा वर्षांत न आलेली जीप
अकराव्या दिवशी आली.
अनधिकृत गतिरोधक.
फोटो काढले, पंचनामा लिहिला,
जेसीबीनं एका घासात उचलला.
निघताना जीप सोनटक्क्यांच्या घरासमोर
खड्ड्यात बसली.
चाक जागच्या जागी फिरत राहिलं.
साहेब काही उतरले नाहीत.
तानबाजींनी चाकाखाली
त्याच ब्रेकरची विटकुरं टाकली,
मागून खांदा लावला.
कुठं लावायचा, ते त्यांना माहीत होतं.
"या साहेब," म्हणाले, "येत जा."

खड्डा अजून आहे.
घरांच्या आधी इथं तूर व्हायची.
यंदा खड्ड्याच्या काठावर एक झाड उगवलं.
आपसूक, की कोणी लावलं,
विचारलं तर तानबाजी काडीनं कान कोरत बसतात.
पिवळी फुलं आली, मग शेंगा धरल्या.
हायवा येतो तसाच, धडधडत,
पण सोनटक्क्यांच्या घराजवळ
गिअर बदलल्याचा आवाज होतो,
चाकं जराशी बाजूला जातात.
एका ड्रायव्हरला मी विचारलंच,
पोट्टाच होता, मारेगावकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
काच खाली करून म्हणाला,
"उभ्या पिकात गाडी कशी घालू, काकू?"

संक्रांतीच्या आधी ओंजळभर शेंगा तोडल्या,
सोल्यांची भाजी करायला.
तीनदा धुतल्या. तिन्ही वेळा पाणी काळं.
शेंड्याच्या शेंगांना हात लावला नाही.
झाड भरलेलं दिसायला हवं ना,
रात्री, हेडलाइटमध्ये.