डावीकडून सातवी

सलोमी पाखरेच्या गाण्यात
एक जागा रिकामी येते, तुम्ही ऐकली असेल.
डावा हात उतरत उतरत खाली जातो
आणि जिथं टेकायला पाहिजे तिथं टेकत नाही.
ती श्वास घेते. मग पुढची ओळ.

पुण्याच्या पेपरात कुणीतरी लिहिलं होतं
की हे मौन तिनं दुष्काळाकडून घेतलं.
ते कात्रण मी दुकानात चिकटवलंय,
तांबोळी साउंड सर्व्हिस, अंबड चौफुली, जालना,
आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच्याकडं पाठ करून बसतो.

मिशन दवाखान्याच्या हॉलमध्ये पियानो होता.
उभा, काळा, पायांना वाळवी.
तिची आई नर्स, माझी आया,
रात्रपाळी दोघींची एकच,
म्हणून आम्हीही एकाच सतरंजीवर.
मी झोपायचो. ती वाजवायची,
वॉर्डात ऐकू जाऊ नये म्हणून पट्ट्या अर्ध्याच दाबून.

पहिलं गाणं तिनं केसपेपरच्या पाठीवर लिहिलं.
पुढच्या बाजूला कुणा कडुबाळ खरातचा ताप होता,
एकशे दोन, एकशे तीन, एकशे एक.
चालही तशीच. चढायची, थोडी उतरायची.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, नसेलही.
नांदेडच्या युवक महोत्सवात दुसरी.
औरंगाबादच्या हॉटेलात, लेणी बघून दमलेल्या लोकांपुढं
चार वर्षं जुनी सिनेमाची गाणी,
मधेच स्वतःचं एखादं, कुणाचं ते न सांगता.
मग कपाशीच्या बियाण्याची जाहिरात.
ती एसटी स्टँडवरची पोरं अजून म्हणतात,
कुणी केली विचारलं तर कंपनीचं नाव सांगतात.
त्या पैशात पुण्यात खोली, पुढं अल्बम.
एका सिनेमातलं गाणं कापलं गेलं,
नावांच्या यादीत नाव तेवढं राहिलं.
ते बघायला तिची आई तीनदा थेटरात गेली
आणि तिन्ही वेळा नाव आलं की उठून बाहेर आली.

पुण्यातला पियानो पुरा होता.
रेकॉर्डिस्ट म्हणाला, मॅडम, इथं एक सूर राहतोय.
ती म्हणाली, राहू द्या,
तो तिथं नसतोच.

तो होता.
डावीकडून सातवी पांढरी पट्टी.
तार जाड, वरून तांब्याचं वेटोळं.
पक्कड जनरेटर रूममधली.
भंगारवाल्यानं तांब्याचे साडेअकरा रुपये दिले,
आतली पोलादाची काडी फुकटात ठेवून घेतली.
मी बाल्कनीत बसून पिक्चर पाहिला
आणि मोसंबीचा रस, दोन ग्लास.

दुसऱ्या रात्री तिनं पट्टी दाबली. टक्.
परत दाबली. टक्.
मला म्हणाली, ही मेली वाटतं.
मी म्हणलं, असंल.
तिनं श्वास घेतला आणि पुढं गेली.

मागच्या नाताळात आली होती.
गळ्याचं ऑपरेशन झालंय, आवाज खाली बसलाय.
कार्यक्रम त्याच हॉलमध्ये, साउंड माझा.
आठ दिवस आधी मी हैदराबादहून तार मागवली,
बाराशे रुपये, स्वतःच बसवली.
खुर्च्या लागत असताना तिनं सहज हात उतरवला
आणि पट्टी बोलली.
ती दचकली, रिकाम्या खोलीतनं कुणी ओ द्यावी तशी.
मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ.
मी केबल गुंडाळत होतो,
ती आधीच गुंडाळलेली होती.

रात्री तिनं ती जागा तशीच सोडली.
श्वास घेतला, आता खरखरीत,
आणि मी तेवढ्यापुरता माईक थोडा वर घेतला.

आमच्या गावात पोलाद फार दिवस पडून राहत नाही.
ती काडी कधीच भट्टीत गेली असेल,
गज होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल.
वरच्या मजल्यावर कुणी काही पाडलं
की मी मान वर करतो.